तपासलेली ४० पानं आणि रॅममधलं फोल्डर

पत्र: मी जुन्या छापील पुस्तकांची पानं स्कॅन करून त्यांचा मजकूर तयार करते. कॉम्प्युटरवर लिनक्स आहे, रॅम १६ जीबी, एसएसडी ५०० जीबी. एका पानामागे तीन रंगीत प्रतिमा तयार होतात: मूळ, सरळ केलेली आणि डाग काढलेली. त्यावरून ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणारा प्रोग्राम, मजकूर काढतं. एसएसडी झिजेल म्हणून एका मित्राने माझ्या होम फोल्डरमध्येच १२ जीबीचं रॅममधलं फोल्डर करून दिलं. ९० पानांची पुस्तिका त्यावर छान झाली. दुसऱ्या दिवशी ४०० पानांचं पुस्तक लावलं आणि दुपारी कॉम्प्युटर गोठला. बंद करून चालू केला तर फोल्डर रिकामं. मी हाताने तपासलेला ४० पानांचा मजकूरही त्यातच होता. तो परत मिळेल का? ही सोय वापरावी की सोडून द्यावी? वापरायची तर नीट कशी मांडायची? कोणी रॅमडिस्क म्हणतं, कोणी रॅमएफएस, कोणी टीएमपीएफएस. सध्या त्याच फोल्डरमध्ये पुन्हा काम सुरू केलं आहे, पण हात धजत नाही.

उत्तर:

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण पत्रात तो एका ओळीत आला असला तरी तुमचं मन तिथेच अडकलेलं दिसतं. ती ४० पानं परत मिळण्याची आशा जवळजवळ नाही. पुसलेल्या फाइल्स शोधून देणारे प्रोग्राम डिस्कवर मागे राहिलेल्या खुणा शोधतात. तुमच्या फाइल्स डिस्कवर उतरल्याच नव्हत्या. त्या रॅममध्ये होत्या आणि कॉम्प्युटर बंद होताच संपल्या. तेव्हा अशा प्रोग्रामच्या मागे वेळ घालवू नका. एकच गोष्ट तपासून पाहा. मजकूर लिबरऑफिसमध्ये तपासत असाल, तर ते उघड्या दस्तऐवजाची आपत्कालीन प्रत ठराविक मिनिटांनी होम फोल्डरमधल्या स्वतःच्या जागेत ठेवतं, मूळ फाइलच्या शेजारी नाही. कॉम्प्युटर गोठल्यानंतर तुम्ही ते अजून उघडलं नसेल तर उघडा, आणि दस्तऐवज परत मिळवायचा का असं त्याने विचारलं तर होय म्हणा. विम या संपादकात तपासत असाल तर त्याची आपत्कालीन प्रत (तिला तिथे स्वॅप फाइल म्हणतात) सहसा मूळ फाइलच्याच फोल्डरमध्ये असते, म्हणजे तीही गेली.

हे दुःख मला ठाऊक आहे. एका लांब लेखाचा मसुदा मी असाच रॅममधल्या जागेत ठेवून दुरुस्त करत होतो. तिथे ठेवायचं काही कारणही नव्हतं, त्या दिवशी मी त्याच फोल्डरमध्ये होतो इतकंच. वीज गेली, आली, कॉम्प्युटर सुरू झाला, बाकी सगळं जागच्या जागी होतं आणि तीन तासांचं काम नव्हतं. त्या दिवसापासून रॅममध्ये काय ठेवायचं हे मी एकाच प्रश्नावर ठरवतो: ही फाइल आत्ता नाहीशी झाली तर एक कमांड देऊन पुन्हा तयार होईल का? होणार असेल तर ती खुशाल रॅममध्ये राहू दे. माणसाचा हात लागला असेल तर ती डिस्कवरच हवी. तुमच्या तिन्ही प्रतिमा स्कॅनवरून पुन्हा तयार होतात. ओसीआरने काढलेला कच्चा मजकूरसुद्धा पुन्हा निघतो. पण त्यात तुम्ही एक काना दुरुस्त केला, एक चुकलेलं जोडाक्षर सोडवलं, की ती फाइल यंत्राची राहत नाही. तिथून पुढे तिची जागा रॅममध्ये नाही.

तुमच्याकडे घोटाळा झाला तो नेमका इथे. स्क्रिप्ट, म्हणजे हे सगळे टप्पे ओळीने चालवणारी कमांडची फाइल, प्रतिमा जिथे ठेवत होती तिथेच मजकूरही ठेवत होती, आणि तुम्ही तो तिथल्या तिथे उघडून तपासत होतात. यात तुमचा निष्काळजीपणा मला दिसत नाही. फोल्डर करून देताना काय आत ठेवायचं आणि काय नाही हे कोणीतरी सांगायला हवं होतं, ते राहून गेलं.

आता कॉम्प्युटर गोठला का ते पाहू, कारण कारण कळल्याशिवाय हात धजणार नाही. ए४ आकाराचं पान ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, स्कॅन केलं की २४८० बाय ३५०८ ठिपके होतात, म्हणजे सुमारे ८७ लाख. रंगीत प्रतिमेत प्रत्येक ठिपक्याला ३ बाइट लागतात. प्रतिमा दाबून साठवली नसेल, म्हणजे पीपीएम किंवा साधी टिफ असेल, तर एक प्रतिमा २६ एमबीची झाली. तुमच्या तीन प्रती धरल्या तर एका पानामागे ७८ एमबी. ९० पानांची पुस्तिका ७ जीबीत बसली, म्हणून पहिला दिवस सुरळीत गेला. ४०० पानांच्या पुस्तकाला ३१ जीबी लागले असते. १६ जीबी रॅममधले चार-पाच जीबी लिनक्स, ब्राउझर आणि ओसीआर मिळून सहज वापरतात. तेव्हा १४० पानांच्या आसपास पोचताच मेमरी संपली असणार, १२ जीबीची मर्यादा लागण्याच्याही आधी.

मेमरी संपली की लिनक्सचं कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, एखादा जड प्रोग्राम मारून जागा मोकळी करतं. पण रॅममधल्या फोल्डरमधल्या फाइल्स कोणत्याही प्रोग्रामच्या नसतात. प्रोग्राम मेला तरी फाइल तिथेच राहते आणि तिने अडवलेली जागा सुटत नाही. कर्नल एकामागून एक प्रोग्राम मारत जातं आणि हाती काही लागत नाही. बाहेरून बघणाऱ्याला हे गोठल्यासारखंच दिसतं. कर्नलच्या स्वतःच्या दस्तऐवजातही हा इशारा दिलेला आहे: मर्यादा अवास्तव मोठी ठेवली तर यंत्र अडकून पडेल. तुमच्या मित्राने १२ हा आकडा रॅमकडे बघून ठरवला. तो कामाकडे बघून ठरवायला हवा होता.

तीन नावांचं थोडक्यात सांगतो. रॅमडिस्क ही जुनी पद्धत आहे. रॅमचा ठराविक तुकडा डिस्क म्हणून दाखवायचा, त्यावर फाइल सिस्टम बनवायची आणि मग वापरायचा. तेवढी गुंतागुंत आज तुमच्या कामाला नको. रॅमएफएस सोपं आहे पण त्याला मर्यादा घालताच येत नाही. साइज सांगितली तरी ते मानत नाही, आणि रॅम भरेपर्यंत वाढत जातं. तुम्ही एकदा जे भोगलंत ते रोज भोगायचं असेल तरच ते घ्या. टीएमपीएफएस २००१ सालच्या लिनक्स २.४ पासून आहे. त्याला मर्यादा घालता येते, लागेल तेवढीच रॅम ते घेतं, फाइल पुसली की परत देतं, आणि ओढाताण झाली तर आतल्या फाइल्स स्वॅपमध्येही, म्हणजे रॅम अपुरी पडली की वापरायच्या सहसा डिस्कवरच्या जागेत, सरकवता येतात. मित्राने केलं ते बहुधा हेच होतं. वापरायचं तेही हेच. एक गैरसमज मात्र काढून टाका. साइज म्हणून सांगितलेला आकडा बाजूला काढून ठेवलेली रॅम नसते, ती फक्त कमाल मर्यादा असते. रिकामं टीएमपीएफएस जवळजवळ काहीच जागा घेत नाही. आकडा सांगितलाच नाही तर एकूण रॅमच्या निम्मी मर्यादा धरली जाते.

वापरावं की सोडावं? इथे मला तुमच्याशी थोडं स्पष्ट बोलायचं आहे. एसएसडी झिजेल ही भीती मनातून काढा. ५०० जीबीच्या साध्या एसएसडीलाही कंपन्या साधारण १५० ते ३०० टीबी (१ टीबी म्हणजे १,००० जीबी) लिहिण्याची हमी देतात. खालचा आकडा धरला आणि प्रत्येक पुस्तकामागे ३१ जीबी लिहिले असं मानलं, तरी ४,८०० पुस्तकं होतील. शिवाय लिनक्स लिहिलेलं सगळं लगेच डिस्कवर टाकत नाही. नव्याने लिहिलेला भाग ते साधारण ३० सेकंद मेमरीत धरून ठेवतं, आणि तेवढ्यात ती फाइल पुसली गेली तर ती डिस्कवर जातच नाही. वाचण्याचंही तसंच. नुकती वाचलेली फाइल मेमरीतल्या कॅशमध्ये असते, दुसऱ्यांदा वाचताना डिस्कला हातही लागत नाही. म्हणजे लिनक्स हे काम तुमच्यासाठी काही प्रमाणात आधीपासूनच करत आहे, आणि तेही तुमचा मजकूर डिस्कवर सुरक्षित ठेवून.

मग फायदा कुठे? हजारो छोट्या फाइल्स बनवून पुसायच्या असतात तिथे, डिस्क मंद असते तिथे, किंवा प्रत्येक बदल डिस्कवर पोचल्याची खात्री मागणारा प्रोग्राम असतो तिथे. डेटाबेसच्या चाचण्यांना याचा मोठा उपयोग होतो. तुमच्याकडे ओसीआरचा बहुतेक वेळ प्रोसेसर खातो, अक्षर ओळखण्यात. तो वेळ रॅमने कमी होणार नाही. प्रतिमा सरळ करणं आणि डाग काढणं या टप्प्यांत थोडा फरक पडेल. किती, हे माझ्या शब्दावर घेऊ नका. दहा पानं घ्या, स्क्रिप्टच्या आधी 'टाइम' ही कमांड लावा, एकदा डिस्कवर चालवा, एकदा रॅममध्ये, आणि दोन्ही आकडे कागदावर लिहा. फरक दहा टक्क्यांच्या आत असेल तर मी तुमच्या जागी असतो तर ही खटपट सोडून दिली असती. जास्त असेल तर पुढचं वाचा.

कमांड मी इथे देवनागरीत उच्चाराप्रमाणे देतो आहे. टर्मिनलमध्ये त्या नेहमीप्रमाणे रोमन अक्षरांत आणि रोमन अंकांत टाइप करायच्या.

काही नवीन मांडण्याआधी 'फाइंडमाउंट' ला /टीएमपी या फोल्डरबद्दल विचारा. ही कमांड टाइप करताना आखूड लिहितात: फाइंडमधला एफ-आय-एन-डी आणि माउंटचे एम-एन-टी. फेडोरामध्ये आवृत्ती १८ पासून आणि डेबियनमध्ये १३ पासून /टीएमपी मुळातच टीएमपीएफएसवर असतं. उत्तरात टीएमपीएफएस दिसलं तर रॅममधलं फोल्डर तुमच्याकडे आधीपासूनच आहे, आणि दहा पानांची चाचणी तिथेच करता येईल. उत्तर कोरं आलं तर /टीएमपी साध्या डिस्कवर आहे. जिथे ते रॅममध्ये आहे तिथे मोठ्या पण टिकायला हव्या अशा तात्पुरत्या फाइल्ससाठी /व्हार/टीएमपी ही वेगळी जागा असते, ती डिस्कवर असते आणि कॉम्प्युटर बंद-चालू केला तरी राहते. हा फरक माहीत नसल्यामुळे /टीएमपी मध्ये डाउनलोड ठेवून गमावणारे बरेच जण भेटतात.

तरीही स्वतंत्र फोल्डर हवं असेल तर मी ते होम फोल्डरमध्ये करणार नाही. याला एक ठोस कारण आहे, आणि ते आत्ता तुमच्या कॉम्प्युटरवर बहुधा घडतं आहे. मित्राने कायमची नोंद केली नसेल, नुसती कमांड दिली असेल, तर ती कॉम्प्युटर बंद होईपर्यंतच टिकते. तसं असेल तर पुन्हा चालू केल्यावर तुम्हाला जे रिकामं फोल्डर दिसलं ते रॅममधलं नव्हतंच. ते एसएसडीवरचं साधं फोल्डर आहे, ज्याच्यावर आधी रॅमचं फोल्डर बसवलेलं होतं. नाव तेच, जागा वेगळी. मग सध्या तुम्ही जे काम करता आहात ते एसएसडीवर जातं आहे, म्हणजे सुरक्षित आहे; 'फाइंडमाउंट' ला त्या फोल्डरबद्दल विचारून खात्री करा, उत्तर कोरं यायला हवं. धोका पुढे आहे. उद्या मित्राने येऊन तीच कमांड पुन्हा दिली, तर वर नवं रिकामं फोल्डर बसेल आणि तुमचं आजचं काम त्याच्याखाली झाकलं जाईल. पुसलं जाणार नाही, वरचं फोल्डर काढलं, म्हणजे अनमाउंट केलं, की पुन्हा दिसेल, पण त्या क्षणी तुमच्या काळजाचा ठोका चुकेल. म्हणून आजच त्या फोल्डरमधलं सगळं दुसरीकडे हलवा आणि ते फोल्डर काढून टाका.

नवं फोल्डर /एमएनटी च्या आत करा, रूटच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुख्य प्रशासक खात्याच्या, मालकीचं:

सुडो एमकेडीआयआर /एमएनटी/रॅमकाम

यात एक सोय आपोआप मिळते. रॅमचं फोल्डर बसवलेलं नसेल तर ही जागा रूटची असते आणि तुमच्या स्क्रिप्टला तिथे लिहिता येत नाही. ती लगेच चूक दाखवून थांबते. गुपचूप एसएसडीवर लिहीत बसणाऱ्या स्क्रिप्टपेक्षा थांबणारी स्क्रिप्ट कितीतरी बरी. स्क्रिप्टच्या सुरुवातीला 'माउंटपॉइंट -क्यू' ही कमांड लावून तीच गोष्ट आधीच तपासता येते, मी दोन्ही करतो.

आकडा आता आपल्याला माहीत आहे. ४०० पानं एकदम लावायची नाहीत, २५-२५ पानांचे गट करायचे. २५ पानं, प्रत्येकी ७८ एमबी, म्हणजे १,९५० एमबी, जवळपास २ जीबी. थोडी मोकळीक ठेवून ३ जीबी पुरे. १६ जीबीच्या कॉम्प्युटरवर तेवढं भरलं तरी बाकीच्या कामाला त्रास होत नाही. आणि समजा काही चुकून गट मोठा झाला, तर 'जागा शिल्लक नाही' अशी चूक येऊन ती एक स्क्रिप्ट थांबेल, सगळा कॉम्प्युटर नाही. मर्यादेचं खरं काम हेच आहे: चूक झाली तर ती तुमच्या स्क्रिप्टमध्येच थोपवून धरायची.

आधी हाताने बसवून पाहा. 'आयडी -यू' ही कमांड तुमचा वापरकर्ता क्रमांक सांगेल, बहुतेक ठिकाणी पहिल्या वापरकर्त्याचा तो १००० असतो.

सुडो माउंट -टी टीएमपीएफएस -ओ साइज=३जी,मोड=०७००,यूआयडी=१०००,जीआयडी=१०००,नोसुइड,नोडेव्ह टीएमपीएफएस /एमएनटी/रॅमकाम

यातला मोड महत्त्वाचा आहे. तो दिला नाही तर हे फोल्डर /टीएमपी सारखं कोणालाही लिहिता येईल असं उघडं राहतं. ०७०० म्हणजे फक्त तुम्हाला. नोसुइड आणि नोडेव्ह ही साधी खबरदारी. काही जण नोएक्झेकही घालतात, प्रतिमांसाठी ते चालेल, पण स्क्रिप्टच तिथे ठेवून थेट चालवायची असेल तर ती चालणार नाही. आणि स्क्रिप्ट तिथे ठेवायचीच कशाला, तीसुद्धा हाताने लिहिलेली आहे.

आठवडाभर असंच वापरा. रोज हाताने बसवावं लागेल, तो त्रास थोडा आहे आणि सवय लागेपर्यंत तो असू द्यावा असं मला वाटतं. ३ जीबी कमी पडतायत असं दिसलं तर बंद न करता, आतल्या फाइल्स तशाच ठेवून मर्यादा वाढवता येते:

सुडो माउंट -ओ रीमाउंट,साइज=४जी /एमएनटी/रॅमकाम

घडी बसली की कायमची नोंद /ईटीसी/एफएसटॅब या फाइलमध्ये करायची. ही फाइल कॉम्प्युटर सुरू होताना वाचली जाते, त्यामुळे आधी तिची एक प्रत काढून ठेवा. मित्राने तिथे १२ जीबीची ओळ घातलेली नाही ना, हेही बघा, असली तर काढा. मग शेवटी ही एक ओळ:

टीएमपीएफएस /एमएनटी/रॅमकाम टीएमपीएफएस साइज=३जी,मोड=०७००,यूआयडी=१०००,जीआयडी=१०००,नोसुइड,नोडेव्ह,नोफेल ० ०

पर्यायांच्या यादीत स्वल्पविरामानंतर मोकळी जागा सोडायची नाही, बहुतेक चुका तिथेच होतात. नोफेल यासाठी की ही ओळ काही कारणाने चुकली तरी कॉम्प्युटर सुरू होताना अडून बसू नये. फाइल साठवल्यावर लगेच बंद-चालू करू नका. 'फाइंडमाउंट --व्हेरिफाय' चालवा, ते ओळींमधल्या चुका दाखवतं. मग 'सुडो सिस्टमसीटीएल डेमन-रीलोड' आणि 'सुडो माउंट -ए'. काही तक्रार आली नाही तर मगच रीस्टार्ट.

रोजच्या वापरात दोन आकड्यांवर नजर ठेवायला शिका. 'डीएफ -एच /एमएनटी/रॅमकाम' सांगेल की ३ जीबीपैकी किती भरलं. दुसरा आकडा 'फ्री -एच' मध्ये. तिथे बफ/कॅश नावाचा रकाना मोठा दिसतो आणि बरेच जण समजतात की ती सगळी जागा गरज पडली की मोकळी होईल. साध्या डिस्कच्या फाइल्सच्या बाबतीत ते बहुतांशी खरं आहे. टीएमपीएफएसच्या फाइल्सही त्याच रकान्यात मोजल्या जातात, पण त्यांची दुसरी प्रत कुठेच नसते, त्यामुळे कर्नल त्या टाकून देऊ शकत नाही. त्यांचा खरा माग 'शेअर्ड' या रकान्यात लागतो. तुमचा २५ पानांचा गट चालू असताना तो रकाना जवळपास २ जीबीने चढलेला दिसेल आणि गट संपून फाइल्स पुसल्या की उतरेल. उतरला नाही, तर पुसलेली एखादी फाइल अजून कोणत्यातरी प्रोग्रामने उघडी धरली आहे. तो प्रोग्राम बंद केला की जागा सुटते. किती रॅम खरंच हाताशी आहे ते 'अव्हेलेबल' सांगतं.

आता मांडणी, जी मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाची वाटते. मूळ स्कॅन एसएसडीवर. स्क्रिप्ट एसएसडीवर. गट सुरू झाला की २५ पानांच्या तिन्ही प्रतिमा रॅममध्ये बनाव्यात, ओसीआरने त्या तिथून वाचाव्यात, आणि मजकुराची फाइल मात्र थेट एसएसडीवरच्या फोल्डरमध्ये लिहावी. मजकूर आधी रॅममध्ये बनवून संध्याकाळी कॉपी करायचा, असं करू नका. अनेक जण सुचवतील की दर दहा मिनिटांनी किंवा बंद करताना आरसिंक या कॉपी करणाऱ्या कमांडने रॅममधलं डिस्कवर उतरवायची सोय लावा. ब्राउझरच्या प्रोफाइलसाठी लोक तसं करतात, आणि तिथे दहा मिनिटांची हिस्टरी गेली तर चालते. तुमचा तपासलेला मजकूर तसा नाही. वीज जाते तेव्हा बंद करतानाची सोय चालतच नाही, आणि तुमच्यासारखा कॉम्प्युटर गोठला तरी नाही. एका पानाचा मजकूर जेमतेम काही केबीचा असतो, तो थेट डिस्कवर लिहिण्यात वाचवण्यासारखं काहीच नाही. ओसीआरचा प्रोग्राम तात्पुरत्या फाइल्स स्वतःच कुठेतरी बनवत असेल, तर स्क्रिप्टमध्ये टीएमपीडीआयआर हे व्हेरिएबल /एमएनटी/रॅमकाम वर लावून द्या, बरेच प्रोग्राम ते पाळतात. गट संपला की प्रतिमा पुसायच्या आणि पुढचे २५ घ्यायचे. तपासताना तुम्ही जे फोल्डर उघडाल ते नेहमी एसएसडीवरचंच असेल, चुकायला वावच राहणार नाही.

कॉम्प्युटर झोपवला, म्हणजे सस्पेंड केला, तर रॅमला वीज चालू राहते आणि फाइल्स टिकतात. पण झोपलेल्या कॉम्प्युटरची बॅटरी संपली तर नाही. त्याचा भरवसा धरू नका.

एक बाब तुम्ही विचारली नाहीत, पण पुस्तकांबरोबर कधी कोणाची खाजगी पत्रं किंवा कागदपत्रं तुमच्याकडे स्कॅनला आली तर लागेल. रॅममध्ये ठेवलेलं डिस्कवर उमटत नाही असं लोक गृहीत धरतात. टीएमपीएफएसचा भाग स्वॅपमध्ये जाऊ शकतो, आणि स्वॅप डिस्कवर असेल तर त्या पत्राचा तुकडा तिथे राहू शकतो. 'स्वॅपऑन --शो' ने तुमचा स्वॅप कुठे आहे ते कळेल. २०२३ मधल्या कर्नल ६.४ पासून टीएमपीएफएसला नोस्वॅप हा पर्याय देता येतो. जुनं कर्नल असेल तर स्वॅप एन्क्रिप्ट केलेला असावा. नोस्वॅप दिलात तर त्या फाइल्सना रॅमबाहेर जायला वाटच उरत नाही, तेव्हा मर्यादा आणखी लहान ठेवा.

त्या ४० पानांचे मूळ स्कॅन एसएसडीवर आहेत, असं तुमच्या पत्रावरून मी धरतो. मग नव्या मांडणीवरचं पहिलं काम तेच घ्या: २५ पानांचा एक गट आणि १५ चा दुसरा. कच्चा मजकूर थोड्या वेळात हाती येईल. तपासणी पुन्हा करावी लागेल, तिला पर्याय नाही, पण ती पानं तुम्ही एकदा डोळ्याखालून घातली आहेत. कुठला टाइप कुठे फसवतो, कुठे अनुस्वार गळतो, हे तुम्हाला आठवत असेल. बसण्याआधी तेवढं एका कागदावर टिपून घ्या, म्हणजे या वेळी पानं भराभर हाताखालून जातील.